आईच्या खुनाचा तपास मुलाने सांगावा का?

गोदाकाठचा_भिडू
आठवड्यातून दोनदा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई असते. इगतपुरी सुटली की बोगद्यांत रेंज जाते, म्हणून पॉडकास्ट आधीच उतरवून ठेवतो. असाच 'माय मदर्स मर्डर' ऐकून संपवला. २०२० चा आहे, सांगणारा पॉल कारुआना गलिझिया.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माल्टा हा भूमध्य समुद्रातला जेमतेम पाच-साडेपाच लाख वस्तीचा देश. नाशिक शहरातच त्याच्या तिप्पट माणसं असतील. पॉलची आई डॅफ्नी तिथल्या गाजलेल्या पत्रकार. आधी वर्तमानपत्रांत स्तंभ, मग २००८ पासून स्वतःचा ब्लॉग. २०१६ मध्ये एका मंत्र्याच्या आणि पंतप्रधानांच्या कार्यालयप्रमुखाच्या पनामातल्या कंपन्या त्यांनी चव्हाट्यावर आणल्या. १६ ऑक्टोबर २०१७ ला दुपारी त्या बँकेत निघाल्या होत्या. एका मंत्र्याने बदनामीच्या दाव्यात त्यांची खाती गोठवली होती, त्याचंच काम. चेकबुक विसरलं म्हणून परत घरात आल्या, पुन्हा निघाल्या, आणि घरापासून थोड्याच अंतरावर गाडीत लावलेला बॉम्ब फुटला. थोरल्या मुलाला स्फोट घरात ऐकू आला.

पॉल धाकटा. तो तेव्हा पत्रकार नव्हता, पुढे झाला. माझा एक मित्र म्हणतो, हा पत्रकार नव्हे, पोरका मुलगा आहे, याची सहानुभूती घ्या, बातमी घेऊ नका. मला हे पटत नाही. नातं त्याने लपवलेलं नाही, पॉडकास्टच्या नावातच सांगून टाकलंय. तुम्हाला काय वाटतं?

जुना_डेस्कवाला
तुमच्या मित्राच्या बाजूने. अकरा वर्षं एका दैनिकात रात्रपाळी केलीय, त्यावरून बोलतो. सुतकातल्या माणसाला आपण देव्हाऱ्याला हात लावू देत नाही, ते काही त्याच्या भक्तीवर शंका आहे म्हणून नाही. घरचा माणूस फिर्यादी होऊ शकतो, पंच होऊ शकत नाही. पंचनाम्यावर सही बाहेरच्याचीच लागते.

त्यात हे पॉडकास्ट प्रकरण. छापील बातमीतलं विशेषण मी निळ्या पेनने उडवायचो. आवाजातला हुंदका कोण उडवणार? मागे संगीत सुरू झालं की ऐकणाऱ्याचा निकाल लागलेलाच असतो, दुसरी बाजू मग तोंडी लावण्यापुरती.

कोर्टात_येरझाऱ्या
डेस्कवाले, दाखला ठसकेबाज आहे पण इथे बसत नाही. बाई गेल्या तेव्हा त्यांच्यावर बदनामीचे चाळीसहून अधिक दावे होते. माणूस गेला की दावे गेले, असं झालं नाही. त्यातले बरेच नवऱ्यावर आणि मुलांवर वारस म्हणून आले. म्हणजे आईने लिहिलेलं खरं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्यानेच मुलांच्या गळ्यात घातली. कागद गोळा करायचे, साक्षी बघायच्या, ते त्यांना करावंच लागणार होतं. मग तेच लोकांना ऐकवलं तर सुतक आठवतं?

आणि फिर्यादी म्हणून का होईना, निकाल काय लागला बघा. सरकार सार्वजनिक चौकशी नेमायला तयार नव्हतं, कुटुंब मागे लागलं तेव्हा २०१९ मध्ये नेमली. २०२१ च्या अहवालात तीन न्यायाधीशांनी लिहिलं की खुनाची जबाबदारी सरकारने घ्यायला हवी, कारण काहीही केलं तरी चालतं असं वातावरण वरूनच तयार झालं होतं. बॉम्ब लावणाऱ्या दोघा भावांना २०२२ मध्ये ४०-४० वर्षं झाली. सूत्रधार म्हणून ज्या उद्योगपतीवर आरोप आहे तो मात्र आरोप नाकारतोय, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे बदनामी अजून फौजदारीच आहे. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये ती कायम ठेवली, नव्या न्याय संहितेत कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद. युरोपने निदान पत्रकारांना दाव्यांनी बेजार करण्याविरुद्ध २०२४ मध्ये नियम केला. त्याला लोक डॅफ्नीचंच नाव लावतात.

सिडको_सहावी_स्कीम
माल्टा कुठे, आपण कुठे! इथे मेटात, म्हणजे नाशिकच्या सरकारी अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेत, बसलेल्या एका मुख्य अभियंत्याने २०१२ मध्ये सिंचनातल्या गैरकारभारावर पत्र लिहिलं आणि मुंबईत खुर्ची हलली. विजय पांढरे. दहा वर्षांत ७० हजार कोटी खर्च आणि सिंचन वाढलं ०.१ टक्का, हा आकडा तेव्हा पोरासोरांना पाठ होता. सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात परतही आले म्हणा. ना पॉडकास्ट, ना पत्रकार, एक कागद पुरला.

गोदाकाठचा_भिडू
सहावी स्कीम, कागद मंत्रालयातच राहिला असता तर तुम्हाला कळला असता का? तो छापला कोणी?

जुना_डेस्कवाला
भिडू, हेच तर म्हणतोय. लिहिणारा आतला, पण तपासून छापणारे बाहेरचे होते, म्हणून त्या पत्राला वजन आलं. पांढरे २०१४ ला नाशिकमधून लोकसभेला उभे राहिले तेव्हा लोक लगेच म्हणाले, बघा, यासाठीच होतं सगळं. पत्र आधीचं, निवडणूक नंतरची, तरी म्हणालेच. पॉलला तर पहिल्या दिवसापासून कोणीही म्हणू शकतं.

कोर्टात_येरझाऱ्या
म्हणू दे की. "बाहेरचा" म्हणजे नक्की कोण, ते मात्र सांगा. सिंहस्थ तोंडावर आहे, टेंडरं निघतायत. त्यावर लिहिणारा नाशिकचा असेल तर त्याचा मेहुणा ठेकेदार असतो, नाहीतर त्याच्या पेपरला ठेकेदाराची जाहिरात असते. मुलाचं नातं निदान ऐकणाऱ्याला माहीत असतं.

जुना_डेस्कवाला
हे लागलं. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

एका पावसाळ्यात रात्री अकराला आमच्या बातमीदाराने नाल्यात भराव टाकून केलेल्या बांधकामाची बातमी दिली. फोटो होते, मोजणीचा नकाशाही होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्याच बिल्डरची पानभर जाहिरात होती. मला कोणी फोन केला नाही. मीच ती बातमी तीन ओळींवर आणली आणि बाजारभावांच्या शेजारी टाकली. बिल्डरला मी आजही ओळखत नाही. तेव्हा पानावर माझ्या सुतकाची नोंद कुठेच नव्हती, हे कबूल.

तरी मत बदललेलं नाही. मी चुकलो म्हणून पॉल पंच होत नाही. त्याने कागद गोळा करावेत आणि परक्याच्या हातात द्यावेत, त्याने मुलाखत द्यावी, घेऊ नये.

सिडको_सहावी_स्कीम
परका म्हणजे तुमच्यासारखा ना? 😄

गोदाकाठचा_भिडू
डेस्कवाले, तो नाला कुठला?

जुना_डेस्कवाला
नाव नको. पावसात गुडघाभर पाणी साचतं, रिक्षावाले अलीकडेच सोडतात.