मदत हवी आहे: डाळिंबाच्या सालीचा अर्क घातलेली फिल्म स्ट्रॉबेरीला खरोखर उपयोगी पडेल का?

नमस्कार. अन्नतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी भगवा या जातीच्या डाळिंबाच्या सालीचा अर्क घालून कायटोसानची (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाची) पातळ फिल्म तयार करत असून, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा टिकाऊपणा तिने वाढतो का, हे तपासत आहे. दाणे काढून विकणाऱ्या एका उद्योगातून साल मिळते. ती सावलीत वाळवून, दळून, पाणी आणि इथेनॉल यांच्या मिश्रणात तिचा अर्क काढते; मग 1 टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवलेल्या कायटोसानमध्ये तो ग्लिसरॉलसह मिसळून द्रावण सपाट ताटलीत वाळवते.

अर्क वाढवला की डीपीपीएच या रंगबदलावर आधारित चाचणीत अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद, वाढते, मात्र फिल्म तपकिरी होते आणि ताटलीतून सोडवताना कडेपासून तडकते. सालीतील टॅनिन ही तुरट द्रव्ये कायटोसानच्या साखळ्यांना घट्ट बांधत असावीत, असा माझा अंदाज आहे. ग्लिसरॉल वाढवल्यास ती लवचीक होते खरी, पण थंड डब्याला आतून घाम आला की चिकट होऊन फुगते.

याहून मोठी शंका वेगळीच आहे. स्ट्रॉबेरी मुख्यतः नासते ती बोट्रायटिस या राखाडी बुरशीने आणि पाणी उडून गेल्याने. तेलासारखी ती खवट होत नाही. शिवाय प्युनिकॅलॅजिनसारखी सालीतील द्रव्ये हवेत उडत नाहीत, त्यामुळे झाकणावर ताणलेली आणि फळाला कुठेही न टेकणारी फिल्म कितीही सक्षम असली, तरी ती द्रव्ये फळापर्यंत पोहोचणार कशी? असे असताना प्रबंधात डीपीपीएचच्या आकड्यावरच भर देणे मला पटत नाही.

म्हणून जाणकारांना विचारते: फिल्म डब्याच्या तळाशी अस्तरासारखी घालावी, की फिल्मचा नाद सोडून त्याच द्रावणात फळे बुडवून लेप द्यावा? लेप दिल्यास सालीचा तुरटपणा जिभेला जाणवतो का? बुरशी लागलेल्या फळांचे प्रमाण, वजनातील घट आणि फळाचा कडकपणा या चाचण्या पुरेशा आहेत, की फळावर बुरशीचे बीजाणू मुद्दाम सोडूनही पाहावे?

आणखी एक अडचण आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांत प्लास्टिक वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा दर चौरस डेसिमीटरला 10 मिलिग्रॅम आहे. आमच्या फिल्ममधून अर्क फळात उतरावा हाच हेतू असल्याने ती वेष्टन म्हणून मोजायची की खाद्य लेप म्हणून, याचे उत्तर प्रत्यक्ष मान्यता घेतलेल्या कुणी दिल्यास चाचण्यांची आखणी त्यानुसार करता येईल.