ब्रह्मकमळ लिहू की नको?

अर्धवट_अनुवादक: मखमलाबाद रोडच्या एका रोपवाटिकेचं इंग्रजी माहितीपत्रक मराठीत करतोय. 'नाइट ब्लूमिंग सिरियस' (रात्री फुलणारं कॅक्टस) या एकाच नावाखाली त्यांनी तीन झाडं कोंबलीत. त्यातल्या चपट्या, बिनकाट्याच्या झाडाला मी बिनधास्त 'ब्रह्मकमळ' लिहिलं. मालकांचे एक स्नेही नुकतेच चारधाम करून आलेत. ते म्हणतात, हे ब्रह्मकमळ नव्हेच, खोडा. काय लिहू? परवा छपाई आहे.

पंचवटीकर: ब्रह्मकमळच लिहा. पावसाळ्यात आमच्या गल्लीत ज्याच्याकडे कळी धरते तो रात्री नवाला हाक मारतो, "या, ब्रह्मकमळ उमलतंय." आजी हळदकुंकू वाहायची. तिला सिरियस सांगून बघायला हवं होतं.

शुद्धमती: स्नेही बरोबर आहेत. ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा. हिमालयात उंचावर येणारं, सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यपुष्प. केदारनाथला वाहतात ते हेच. त्याच्या पिवळट पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, फुलांना झाकणारी पानं आहेत. खरी फुलं आत, जांभळी. तुमचं ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिकोकडून आलेलं कॅक्टस. गल्लीत काहीही म्हणा, छापताना नको.

पंचवटीकर: अख्खं नाशिक गोदावरीला गंगा म्हणतं. "गंगेवर जाऊन येतो" म्हणणारा काय हरिद्वारला निघालेला असतो?

शुद्धमती: नकाशावर मात्र गोदावरीच छापतात.

गच्चीबाग: भांडा सावकाश, आधी तिन्ही झाडं वेगळी करू. फांदी चपटी, कडेला खाचा, त्या खाचेतून कळी: हे ब्रह्मकमळ (मी तरी तेच म्हणणार). फांदी तिधारी, काटेरी, मुळं फुटून भिंतीला धरून चढणारी: ही ड्रॅगन फ्रूटची वेल. फूल लांबून तसंच दिसतं, पण मागून बघा, हिरवे जाड खवले असतात. तिसरा उभा, धारांचा खांब. सिरियस नाव शोभतं ते त्याला. ब्रह्मकमळाची कळी आधी खाली लोंबते, मग हुक्क्याच्या नळीसारखी वळून तोंड वर करते. ज्या संध्याकाळी ती टम्म फुगून टोकाशी किंचित सैल दिसेल, त्या रात्री जेवणं लवकर आटपा. आठनंतर उघडायला लागते, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण, पहाटे मान टाकलेली. वासाचाही जोर रात्रीच, कारण गिऱ्हाईक रात्रीचं, मोठे पतंग.

सिडकोतली_सून: आमच्या मल्याळी शेजारीण याला निशागंधी म्हणतात. त्यांनी "रात्री निशागंधी बघायला या" म्हटलं तर आमचे हे म्हणाले, फुलबाजारात काड्यांनी मिळतो तो निशिगंध बघायला रात्री कशाला जायचं!

ठिणगी: 'निशाफुली निवडुंग' करा. सुटसुटीत.

शुद्धमती: फूल उमलतं, झाड फुलतं, इथवर ठीक. पण निवडुंग? वई निवडुंग, त्रिधारी निवडुंग हे आपल्याकडचे, थोर जातीतले. मोडले की दूध येतं. कॅक्टसला सहसा तसा चीक नसतो, कुळच वेगळं. कॅक्टस अमेरिकेतून आलं, फड्या निवडुंगही त्यातलाच. आपण जुनं नाव त्याला चिकटवलं.

पंचवटीकर: म्हणजे फड्याला उसनं नाव चालतं, ब्रह्मकमळाला चालत नाही?

ठिणगी: आमचे सासरे सांगतात, कुंपणातून जाताना निवडून अंग काढावं लागतं म्हणून निवडुंग.

शुद्धमती: ही व्युत्पत्ती नाही, कोटी आहे.

ठिणगी: सासऱ्यांना कळवते.

गच्चीबाग: गुजरात सरकारने 2021 मध्ये ड्रॅगन फ्रूटचं 'कमलम' केलं. म्हणजे एक कमळ हिमालयातलं, एक मेक्सिकोचं, एक ताटातलं, आणि तळ्यातल्याचं या तिघांशी काडीचं नातं नाही.

पंचवटीकर: कमलम म्हटल्याने भाव उतरला असता तर मीही म्हटलं असतं.

अर्धवट_अनुवादक: पण मी लिहू काय?

सिडकोतली_सून: कुणाकडे ब्रह्मकमळाचं जास्तीचं पान आहे का? मला कुंडीत लावायचंय.

शुद्धमती: पान नव्हे, ते चपटं खोड आहे.

सिडकोतली_सून: बरं, खोड. कुठे घ्यायला येऊ?

गच्चीबाग: इंदिरानगरला या. वीतभर तुकडा देते. कापलेली बाजू सुकू द्या, मगच मातीत खोचा, नाहीतर कुजतो. आणि पाणी बेताने.