बर्ट विल्यम्सचा पोकर
काही जण म्हणतात की जुन्या अमेरिकन व्हॉदव्हिलमधली (गाणी, नाच, विनोद असा मिसळीचा रंगमंचीय कार्यक्रम) स्किट्स म्हणजे सगळा शब्दांचा खेळ, ती भाषा आणि तो काळ माहीत नसेल तर आपल्याला त्यात काही मिळत नाही. अॅबट-कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या बेसबॉलवाल्या स्किटबद्दल हे अगदी पटतं, पण सरसकट नाही पटत. बर्ट विल्यम्स या विनोदी नटाचं पोकरचं (पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा डाव) मूकनाट्य बघा, १९१६ च्या 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर' या मूकपटात शेवटी ते आहे. तुरुंगाच्या कोठडीत हा एकटाच बसलाय, समोर ना पत्ते ना माणसं, तरी पत्ते पिसतो, वाटतो, हातातले हळूच उघडून बघतो आणि चेहरा असा काही उजळतो की हात भारी लागलाय हे आपल्याला लगेच कळतं, आणि मग समोरच्या काल्पनिक गड्याने पत्ते दाखवल्यावर तोच चेहरा उतरत जातो. माझ्या बाबांना इंग्रजीचा गंध नाही, पोकर तर अजिबात माहीत नाही, पण आयुष्यभर रमी खेळलेत, ते बघताना म्हणाले, "गेला बिचारा!"

आणि हा विल्यम्स मूळचा बहामाजचा, कृष्णवर्णीय, तरीही तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासूनच त्याला स्टेजवर यावं लागायचं. १९१० मध्ये निर्माता झीगफेल्डने त्याला 'झीगफेल्ड फॉलीज' या आपल्या न्यूयॉर्कमधल्या रंगमंचीय कार्यक्रमात घेतला तेव्हा काही गोऱ्या कलाकारांनी विरोध केला, पण झीगफेल्ड बधला नाही. ती काजळी बघताना मला फार त्रास होतो, आणि तिच्याआडून तो इतकं बारीक काम करतो म्हणून तर जास्तच.