पेपर फुटला तर परीक्षा पुन्हा घेता येते. जन्मतारीख फुटली तर?

खाडीकाठचा (नेरूळ)

गेल्या महिन्यात माझ्या वडिलांना एक फोन आला. त्यांचे वय ७४ आहे. बोलणाऱ्याने आपण पोलीस अधिकारी असल्याचे सांगितले आणि 'तुमच्या नावे दुसरे खाते उघडून गैरव्यवहार झाला आहे' असे म्हणत वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक आणि सानपाड्याचा पत्ता वाचून दाखवला. एवढे सगळे ज्याला ठाऊक आहे तो खराच अधिकारी असणार, या समजुतीने ते दोन तास व्हिडिओ कॉलसमोर बसून राहिले आणि २ लाख १० हजार रुपये गेले. मी घरी पोहोचताच १९३० वर कळवले, त्यामुळे त्यांतले ६५ हजार गोठवले गेले. बाकीची रक्कम तोवर पुढच्या खात्यांत गेली होती.

मला इथे मांडायचा आहे तो मुद्दा पत्त्याचा आहे. त्या माणसाने 'बी-४०३' असे वाचले, आणि २०१९ मध्ये आम्ही सोडलेले घर होते 'बी-३०४'. ही चूक माझ्या हातून एकाच ठिकाणी झाली होती, एका ऑनलाइन दुकानात वडिलांच्या नावाने खाते उघडताना. म्हणजे माहिती कुठून फुटली हे मला अगदी नेमके कळले आहे, परंतु त्या दुकानाने आजतागायत आम्हाला एका ओळीनेही कळवलेले नाही. पॅन मात्र त्या दुकानाकडे कधीच नव्हता. तो दुसरीकडून येऊन या नोंदीला जोडला गेला असला पाहिजे.

ज्याच्या ताब्यातून माहिती फुटते त्याने ती ज्याची आहे त्या माणसाला तातडीने कळवावे आणि नुकसान भरून द्यावे, असे माझे मत आहे.

घोडबंदरचा दुकानदार (ठाणे)

तुमच्या वडिलांच्या बाबतीत घडले ते वाईटच आहे, तरीही मी असहमत आहे. फसवले त्या टोळीने आणि भरपाई द्यायची दुकानाने, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

ठाणे स्टेशनबाहेरच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात जा, आधारच्या बिघडलेल्या प्रती टोपलीत पडलेल्या दिसतील. सोसायटीच्या फाटकावर आपण नाव, मोबाइल आणि गाडीचा क्रमांक न विचारता लिहून देतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने 'आधारची छायाप्रत सरसकट कुणाला देऊ नका' असे पत्रक काढले, आणि त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल असे सांगून सरकारने ते दोनच दिवसांत मागे घेतले. जिथे एवढी ढिलाई आहे तिथे एकट्या ऑनलाइन दुकानाला धरून काय साधणार? तुमच्या वडिलांना पत्त्याने फसवले नाही, भीतीने फसवले. ज्येष्ठांच्या खात्यातून मोठी रक्कम नव्या खात्यात जाताना बँकेने काही तास थांबावे, हा उपाय मला अधिक कामाचा वाटतो.

रात्रपाळी (महापे)

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये सुरक्षेचे काम पाहतो. झेरॉक्सची टोपली आणि फुटलेला डेटा यांची तुलना मला पटत नाही, कारण टोपलीतला कागद शोधता येत नाही आणि डेटा शोधता येतो.

चोरलेला साठा सहसा आधी थोड्या गिऱ्हाइकांना चढ्या भावाने विकला जातो. ते त्यातला मलिदा काढून घेतात, मग तो पुन्हा पुन्हा विकला जातो, भाव उतरत जातो आणि शेवटी कुणीतरी तो फुकट टाकून देतो. लोकांना वाटते की जुना झाला म्हणजे निकामी झाला. खरे तर फुकट झाल्यावरच तो सर्वांत जास्त हातांत पडतो. मोबाइल क्रमांक हा धागा धरून एका साठ्यातला पत्ता, दुसऱ्यातला पॅन आणि तिसऱ्यातली जन्मतारीख अशी ओवणी करणारे लोक वेगळेच असतात. तुमच्या 'बी-४०३'ला पॅन चिकटला तो बहुधा असाच. पासवर्डचेही तेच. ते एमडी५सारख्या जुन्या पद्धतीने गुंडाळून ठेवले असतील तर सोपे पासवर्ड बघता बघता उलगडतात, आणि मग तीच ईमेल-पासवर्डची जोडी शेकडो संकेतस्थळांवर यंत्राने लावून पाहिली जाते. एकच किल्ली दहा कुलपांना लावणारे आपणच असतो, त्यामुळे ढिलाई आपलीही असते हे दुकानदारांचे म्हणणे इथे मात्र लागू पडते.

२०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींची माहिती फुटली तेव्हा चोरांनी चक्क एक शोधयंत्रच उभे केले होते. त्यात मोबाइल क्रमांक टाकला की त्या माणसाने कुठे आणि किती रुपयांचे पदार्थ मागवले ते दिसे. आर्थिक माहिती गेलेली नाही, असा कंपनीचा खुलासा होता. तो मान्य केला तरी घराचा पत्ता गेलाच, आणि कार्ड बदलता येते तसे घर बदलता येत नाही.

घोडबंदरचा दुकानदार

हे ज्ञान उपयोगाचे आहे, पण याने माझाच मुद्दा पक्का होतो. पाच साठे जोडून एक माणूस फसवला गेला, तर पाचांतल्या कोणाकडून भरपाई घेणार? शिवाय प्रत्येक किरकोळ घटनेची सूचना येऊ लागली तर बँकेच्या संदेशांप्रमाणे लोक तीही न वाचता पुसून टाकतील.

नौपाड्याचा वकील (ठाणे)

सूचना किती उशिरा मिळते याचे एक उदाहरण देतो. एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या सिटा या कंपनीवर हल्ला झाला, ते विमान कंपनीला फेब्रुवारी २०२१ मध्ये कळले, आणि ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली असल्याचे जाहीर झाले मे महिन्यात. काहींचे पासपोर्टचे तपशीलही त्यात होते.

भरपाईबद्दल दोन्ही बाजू थोड्या चुकत आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमाखाली निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येते, आणि पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. याच सचिवांनी २०१३ मध्ये पुण्याच्या एका उद्योजकाला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला होता. त्या उद्योजकाने स्वतःच फसव्या ईमेलला उत्तर दिले होते, म्हणून नुकसानीचा काही भार त्याच्यावरही ठेवला गेला. म्हणजे चूक वाटून घेता येते, दुकानदारसाहेब.

खरी गोम पुढे आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि बाधित व्यक्तीला कळवणेही बंधनकारक आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. मात्र दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती त्यातला रुपयाही पडत नाही. आणि हा कायदा पूर्ण लागू होताच ४३अ कलम वगळले जाणार आहे. दंड वाढला आणि भरपाईची वाट बुजली, हे मला उफराटे वाटते.

घोडबंदरचा दुकानदार

दंड सरकारला आणि मनस्ताप ग्राहकाला, हे मलाही पटत नाही, एवढे मान्य करतो. पण मग माझ्यासारख्याचे काय? माझ्या दुकानाच्या माळ्यावर २०१४ पासूनच्या हप्त्याच्या गिऱ्हाइकांच्या आधारप्रतींची दोन पोती आहेत. उद्या उंदरांनी नाही आणि नोकराने नेली, तर मीही तुमच्या यादीत बसणार का?

रात्रपाळी

हप्ते फिटलेल्यांच्या प्रती अजून कशासाठी ठेवल्या आहेत? जे जवळ नाही ते चोरीला जात नाही. रद्दीवाल्याला मात्र देऊ नका, फाडून टाका.

खाडीकाठचा

संन्याशाबद्दल एवढेच म्हणतो की त्याने माझ्या वडिलांचा ऐवज ठेवून घेतला होता आणि मठाला कडी नव्हती.

वकीलसाहेबांचे वाचून मी त्या ऑनलाइन दुकानाला रीतसर तक्रार पाठवली. आज उत्तर आले आहे. तक्रार नोंदवण्यापूर्वी खातेदाराची ओळख पटवणे आवश्यक असल्यामुळे वडिलांच्या आधार आणि पॅनची प्रत सोबतच्या दुव्यावर चढवावी, अशी त्यांची विनंती आहे.

घोडबंदरचा दुकानदार

पाठवणारच असाल तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत पाठवा. आणि पत्ता या वेळी तपासून लिहा.