मदत हवी आहे: हेझी आयपीए अर्ध्या ग्लासातच नकोशी होते. जीभ बदलली की बिअर?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबणार आहे, पण नीट सांगितल्याशिवाय जाणकारांना उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी आठ वर्षांपासून क्राफ्ट बिअर पिते. सुरुवात स्टाउटपासून (गडद, भाजक्या चवीची बिअर) झाली आणि हेझी आयपीएपाशी (गढूळ, फळांच्या वासाची बिअर) येऊन थांबले. पहिली चांगली हेझी प्यायले तो दिवस अजून लख्ख आठवतो. ग्लास उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसेनात. संत्र्याच्या सालीचा आणि पिकल्या आंब्याचा वास ग्लास तोंडाशी यायच्या आधीच नाकात शिरला आणि कडवटपणा जवळजवळ नव्हताच. तेव्हापासून प्रत्येक बिअरची नोंद वहीत ठेवते: कॅनवरची तारीख, हॉप्स (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) कोणते, वास, चव, शेवटचा घोट कसा लागला.

परवा गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी सलग वाचल्या आणि चमकले. "अर्धा ग्लास ठेवून दिला" हे वाक्य अकरा वेळा आलंय, आणि अकराही वेळा हेझीच. कुठे लिहिलंय "कांद्याचा वास", कुठे "घशात खवखव, जणू हॉप्सची पूडच गिळली", कुठे "भिजलेला पुठ्ठा". एका ग्लासाचा तर रंगच गेला होता, पिवळ्याच्या जागी करडी-जांभळट झाक. याच काळातल्या पिल्सनरच्या (सोनेरी लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) नोंदी जेमतेम दोन-दोन ओळींच्या आहेत, पण बहुतेकींच्या शेवटी "कधी संपली कळलं नाही" असं आहे.

आम्ही सहा जण महिन्यातून एकदा जमून थोडी-थोडी बिअर चाखतो. पुढच्या बैठकीचं मी बघायचं आहे. तिघं म्हणतात, हेझीचे दिवस भरले, आता लागरच. दोघं म्हणतात, ही नुसती लाट आहे, हीही ओसरेल. मला कुणाचीच बाजू पटकन घेववत नाही, कारण जी बिअर मला इतकी वर्षं जिवापाड आवडली ती अशी एकाएकी का उतरली हेच कळत नाहीये.

तर विचारायचं आहे ते हे: माझी जीभ बदलली की बिअर बिघडली, हे ओळखायचं कसं? आणि जीभच बदलली असेल तर आता कुठल्या वाटेने जावं?

प्रतिसाद १

कॅनवरच्या तारखा आणि ते कॅन ठेवले कुठे होते हे आधी सांगा. त्याशिवाय बाकी सगळं हवेत बाण मारणं.

धागाकर्ती

बरोबर आहे, ते लिहायला हवं होतं. अकरापैकी सात कॅन भरून तीन महिन्यांहून जास्त झाले होते. दोन ताजे होते, जेमतेम आठवड्याचे. उरलेल्या दोघांची तारीख मी टिपलीच नाही. फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून काही कॅन महिनाभर कपाटात होते. माझ्याकडे यायच्या आधी ते कुठे होते याची कल्पना नाही.

प्रतिसाद २

मी घरी बिअर बनवतो आणि या तिन्ही तक्रारींतून स्वतः गेलोय. तुमची वही सोन्याची आहे, कारण तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या लिहून ठेवल्यात. लोक सगळ्याला मिळून "खराब लागली" म्हणतात आणि मग कारण सापडत नाही.

पुठ्ठा आणि करडा-जांभळट रंग म्हणजे प्राणवायूचा मार, यात मला शंका नाही. हेझीत ओट्स आणि गहू भरपूर, त्यामुळे प्रथिनं जास्त. त्यावर हॉप्सची पॉलिफेनॉल्स (तुरट द्रव्यं) जास्त. कॅन भरताना थोडीशी जरी हवा आत राहिली तरी हे सगळं झपाट्याने काळवंडतं. म्हणून चांगले ब्रुअर (बिअर बनवणारे) भरताना बिअरमध्ये विरघळलेला प्राणवायू अब्जात ५० भागांच्या खाली ठेवायला धडपडतात. आणि वास आधी जातो, रंग नंतर. म्हणजे रंग बदललेला दिसला तर समजा की आंबा-संत्रं केव्हाच गेलं.

त्यात उष्णता. या धंद्यात ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे: साधारण ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस यांत बिअर जवळपास सारखीच म्हातारी होते. हेझीला ३०० दिवस कोणी देऊ नयेत, पण तुमच्या कपाटातल्या एका महिन्याने काय केलं असेल ते यावरून कळेल.

घशातली खवखव मात्र शिळेपणाची नाही, उलट ती अति ताजेपणाची आहे. ड्राय हॉपिंग म्हणजे आंबवण संपत आल्यावर हॉप्स थेट बिअरमध्ये टाकणं. उकळी नसल्यामुळे कडवटपणा फारसा उतरत नाही, सुगंध उतरतो. पण हॉप्सचे बारीक कण आणि पॉलिफेनॉल्स तरंगत राहतात आणि ते घशाला लागतात. याला हॉप बर्न म्हणतात. असा कॅन फ्रिजमध्ये दोन आठवडे उभा ठेवा आणि ओतताना तळाचा घोटभर भाग सोडून द्या, बराच फरक पडतो. तुमचे ते दोन ताजे कॅन बहुधा यातलेच.

कांदा-लसूण ही तिसरीच गोष्ट. हॉप्समधल्या गंधकाच्या संयुगांचा तो वास. समिट या जातीची त्यासाठी ख्यातीच आहे, पण मोझेइक आणि सिमको हेसुद्धा वेलीवर उशिरापर्यंत ठेवून तोडले तर कांद्याकडे झुकतात. म्हणजे दोष काढणीच्या वेळेचा, बिअर शिळी असण्याचा नाही. वहीत हॉप्सची नावं असतीलच, या तीन नावांशी ताडून बघा.

आणखी एक. लोण्यासारखी चव कधी लागली का? हॉप्समध्ये स्वतःची विकरं असतात, ती बिअरमधली न आंबणारी साखर मोडतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ साली हे लिहून ठेवलं होतं, हेझीच्या काळात ब्रुअरना ते नव्याने शिकावं लागलं. यीस्टला ते काम पुरं करू न देता कॅन भरला की डायअॅसिटिल राहतं, तीच ती लोण्याची चव.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, पण सगळा दोष साठवणुकीवर टाकू नका. ताजी हेझीसुद्धा हल्ली लवकर थकवते, आणि त्याचं कारण ती बनते कशी यात आहे.

पूर्वी अमेरिकन पेल एलमध्ये (फिकट, हॉप्सच्या चवीची बिअर) हॉप्स बेताचे असत. १९७२ साली हॉप्सची कॅस्केड ही जात आली, अँकर ब्रुअरीच्या लिबर्टी एलने ती १९७५ साली वापरली, १९८० साली सिएरा नेवाडा ब्रुअरीची पेल एल आली. तेव्हा लोकांना तीच कडू-सुगंधी वाटायची. पुढे वेस्ट कोस्टवाल्यांनी, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रुअरनी, कडवटपणा वाढवला. मग व्हरमाँटमधल्या अल्केमिस्ट ब्रुअरीची हेडी टॉपर ही हेझी आली, २०११ साली ती कॅनमध्ये मिळू लागली, आणि गढूळपणा हा दोष न राहता खूण झाला. २०१८ साली ब्रुअर्स असोसिएशन या अमेरिकन संघटनेने हेझीला आपल्या शैलींच्या यादीत जागा दिली. तोवर चढाओढ कशाची होती? कोण जास्त हॉप्स टाकतो याची. आज हेझीत लिटरला १२ ते २० ग्रॅम हॉप्स ही नवलाई नाही.

पण जास्त टाकलं म्हणजे जास्त मिळतं असं होत नाही. ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली कॅस्केडवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिटरला साधारण ८ ग्रॅमच्या पुढे सुगंधाची एकूण तीव्रता फारशी वाढत नाही, आणि संत्र्या-लिंबाच्या मानाने पाल्याचा, चहाच्या पत्तीसारखा वास वरचढ होऊ लागतो. तुम्ही अर्धा ग्लास ठेवून देता तेव्हा तुमची जीभ हेच सांगत असते.

प्रतिसाद ४

ताई, एक वेगळा मुद्दा. आपण उत्साही लोक बिअर चाखतो फार आणि पितो कमी. बैठकीत ६०-७० मिलीचे घोट, त्यावर गुण. पहिल्या दोन घोटांत जी सगळ्यात मोठ्याने बोलते ती जिंकते. म्हणून गुणांच्या याद्यांत वर बघाल तर इम्पीरियल स्टाउट आणि डबल हेझी (दोन्ही नेहमीपेक्षा कडक) यांचीच गर्दी. पिल्सनर पहिल्या घोटात फारसं बोलतच नाही, तिची मजा चौथ्या-पाचव्या घोटाला कळते. तुमच्या बैठकीत एकदा दोनच बिअर ठेवा आणि प्रत्येकीचा अर्धा ग्लास सावकाश प्या. गुण पहिल्या घोटाला एकदा द्या आणि शेवटच्या घोटाला पुन्हा. दोन आकड्यांतला फरक बघा.

प्रतिसाद ५

हेझीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका, एवढीच विनंती. ताजी आणि नीट बनवलेली हेझी अजूनही कमाल असते. वाईट पिल्सनरही मी खूप प्यायलोय.

प्रतिसाद ६

जीभ की बिअर हे ओळखायला त्रिकोणी चाचणी करा. एकाच तारखेचे, एकाच बिअरचे दोन-तीन कॅन घ्या. निम्मे फ्रिजमध्ये, निम्मे कपाटात, चार आठवडे. मग कपाटातले एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून सगळे सारखे थंड करा. दुसऱ्या कुणाला तरी तीन ग्लासांत थोडं-थोडं ओतायला सांगा: दोन ग्लासांत एक, तिसऱ्यात दुसरी. ग्लास अपारदर्शक हवेत, नाहीतर रंगच चुगली करेल. तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. असं सहा वेळा करा, दर वेळी क्रम बदलून. नुसत्या अंदाजाने सहापैकी पाच किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता १०० मध्ये २ पेक्षाही कमी. म्हणजे पाच आले तर फरक खरा आहे, मनाचा खेळ नाही.

एका घोटाला दोन चमचेच घ्या, मध्ये पाणी प्या. जीभ थकली की चाचणीला अर्थ उरत नाही.

प्रतिसाद ७

आता कुठल्या वाटेने जावं, त्यावर लिहितो.

लागर म्हणजे सोपी, हलकी, विचार न करता प्यायची हा समज आधी सोडा. १८४२ साली पिल्सेनमध्ये योजेफ ग्रोलने जी सोनेरी लागर बनवली तिच्यात मोजक्याच गोष्टी होत्या: फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), साझ जातीचे हॉप्स, तिथलं मऊ पाणी, थंडीत सावकाश चालणारं यीस्ट. इतकं उघडं असताना चूक लपवायला जागाच नसते. हेझीत छोटा दोष हॉप्सच्या गदारोळात झाकून जातो, पिल्सनरमध्ये तोच पहिल्या घोटाला समोर येतो. आणि ती आठवडेच्या आठवडे थंड टाकीत मुरवावी लागते, तेवढा वेळ टाकी अडकून पडते. म्हणून छोटे ब्रुअर बराच काळ तिच्या वाटेला जात नसत. आता जात आहेत याचं मला फार समाधान आहे.

चेक पद्धतीची पिल्सनर पिताना फेसाकडे लक्ष द्या. दाट, ओलसर, बोटभर जाड फेस असेल तर घोट त्यातून येऊ द्या, फेस बाजूला सारू नका. कडवटपणा त्याने गोलसर होतो. ग्लास रिकामा होताना फेसाच्या रिंगा काचेला चिकटून राहिल्या तर ग्लास स्वच्छ होता आणि बिअरही ठीक होती.

हॉप्सचं वेड सुटत नसेल (सुटू नये!), तर मधले जिने आहेत. आताची वेस्ट कोस्ट आयपीए जुन्यापेक्षा फिकट आणि कोरडी असते, कॅरॅमलची गोडी जवळपास नाही. कोल्ड आयपीए २०१८ साली पोर्टलंडच्या वेफाइंडर ब्रुअरीमध्ये जन्मली, तांदूळ किंवा मक्याने अंग हलकं केलेलं आणि लागरचं यीस्ट. तुम्हाला ती लगेच जमेल असं वाटतं. लाटेबद्दल बोलायचं तर २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रुट आयपीए निघाली. विकर घालून साखर पार संपवलेली, ठणठणीत कोरडी. वर्षभर सगळीकडे तीच, मग दिसेनाशी झाली. ती खरी लाट होती. लागरला लाट म्हणणं मला पटत नाही.

धागाकर्ती

महिन्याने परत येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार. मी चाचणी केली.

एकाच तारखेच्या हेझीचे चार कॅन, दोन फ्रिजमध्ये, दोन कपाटात, बरोबर चार आठवडे. बहिणीने निळ्या कपांत ओतून दिलं. सहापैकी सहा वेळा वेगळा कप ओळखला. तिसऱ्या खेपेपासून तर चव घ्यायचीही गरज उरली नाही, वासच पुरला. कपाटातल्या बिअरला वास असा नव्हताच, खाली मधासारखं काहीतरी गोडसर आणि मागून पुठ्ठा. फ्रिजमधल्या कपात मात्र तीच संत्र्याची साल होती. ती ओळखीची वाटल्यावर मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

हॉप्सही ताडून पाहिले. कांद्याच्या चार नोंदींपैकी तिघींत मोझेइक आहे.

पण चौथा प्रतिसाद लिहिणाऱ्यांचंही खरं निघालं. दोन दिवसांनी फ्रिजमधला दुसरा कॅन एकटीने सावकाश प्यायले. पहिल्या घोटाला ९ दिले आणि शेवटच्याला ६. त्याच आठवड्यात एका पिल्सनरला आधी ७, शेवटी ८. म्हणजे बिअरही शिळी होती आणि जीभही हलली आहे, दोन्ही.

बैठकीत आता तीनच बिअर ठेवते: चेक पद्धतीची पिल्सनर, वेस्ट कोस्ट आणि तीन आठवडे जुनी, फ्रिजमधलीच हेझी. अर्धा-अर्धा ग्लास, गुण दोनदा. शेवटचं विचारते: क्रम कसा लावू?

प्रतिसाद ७

पिल्सनर, वेस्ट कोस्ट, हेझी, याच क्रमाने. हेझीनंतर जीभ हॉप्सच्या तेलाने माखते, पिल्सनर मागे ठेवलीत तर ती पाण्यासारखी लागेल आणि तुमचे ते दोघं म्हणतील, बघा, हिच्यात काही नाही. पिल्सनर फ्रिजमधून काढल्यावर पाच मिनिटं थांबा, हेझी दहा. आणि तीनही ग्लास आधी नुसत्या पाण्याने विसळून घ्या, फेस टिकेल.

प्रतिसाद २

हेझीचा कॅन आदल्या रात्रीपासून उभा ठेवा. आणि ओतताना हलवू नका, तळाचं तळाशीच राहू दे.