साथ, घर आणि ठिकाणावर ठेवलेलं डोकं : तुमचे अनुभव लिहा

धायरीकरीण
पुण्यात जीबीएसच्या (नसांचा आजार, हातापायांना मुंग्या येऊन ताकद जाते, खराब पाण्याचा संशय) बातम्या सुरू झाल्यापासून आमच्याकडे गॅसवर सतत पातेलं. किरकटवाडी, नांदेड, धायरी, सगळा आमचाच पट्टा, त्यामुळे पाणी उकळणं ठीकच. पण सासूबाई सकाळी उठल्या की पायाची बोटं हलवून बघतात, मग मला, "मुंग्या येतायत का गं तुला?" दुपारी पुन्हा तेच. काल माझाही पाय बधिर झाला. मांडी घालून बसले होते, एवढंच! आणि एकदम २०२० आठवलं. तेव्हा ऑक्सिमीटर, आता बोटं. साथीत घरी बसून स्वतःचं नि म्हाताऱ्या माणसांचं मन कसं सांभाळलंत? उपदेश नको, काय केलंत ते लिहा.

पत्र्यामागचा
कसबा. गल्लीच्या तोंडाला बांबू नि पत्रे. बाबांचा कट्टा बंद म्हणजे माणूसच बंद. दिवसभर बातम्या, रात्री झोप नाही, मग आईवर चिडचिड. समोरच्या गॅलरीतले काकाही तसेच. एक दिवस दोघांनी आपापल्या गॅलरीत बुद्धिबळाचा पट मांडला नि चाली ओरडून सांगायला लागले. "राजापुढचं प्यादं, दोन घरं!" संध्याकाळच्या बातम्या त्यातच बुडायच्या. वरच्या मजल्यावरून न मागता सल्ले यायचे, ते आलंच. एकदा दोन पटांवरच्या मोहऱ्यांचा मेळ बसेना, त्यावरून जे भांडण झालं! आईच्या मते बाबा त्या दिवशी माणसात आले.

कोथरूडचा पोपट
सल्ले देणारा मीच असणार.

रात्रपाळी
मी नर्स. कोविड वॉर्डला ड्यूटी. मुलगा तेव्हा दुसरीत. घरी आले की आंघोळ करून थेट आतल्या खोलीत, दार बंद. तो बाहेरून दाराला पाठ लावून बसायचा नि ऑनलाइन शाळेतलं सगळं सांगायचा, बाई म्यूटवरच शिकवत राहिल्या वगैरे. मी आतून हं हं. डोळा लागला की दाराखालून चिठ्ठी सरकायची, "हं म्हण". रडू तेव्हा आलंच नाही, सगळं निवळल्यावर आलं. मग समुपदेशनाला गेले, बरेच महिने. नर्सलाही लागतं हो.

धायरीकरीण
वाचून भाजी करपली माझी. पोराला एक पापा द्या.

रात्रपाळी
आता सातवीत आहे, देऊ देत नाही.

उकळी
विषय सोडून, पण आरओ असला तरी उकळा. नुसतं कोमट नको, खळखळ.

धायरीकरीण
उकळतेय. पण ते गिळवत नाही, मुलं तोंड वाकडं करतात.

उकळी
गार करून माठात ओता नि वाळा टाका.

जुनी पेशंट
आमच्या वेळी २००९, स्वाइन फ्लू. शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल. आईनं कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी दिली होती, सारखी हुंगायला लावायची. त्यानं फ्लू कशाला थांबतोय! पुरचुंडी माझ्या खिशात, लागू मात्र तिला पडायची.

वाकडचा एकटा
दोघे रूममेट मार्चमध्येच गावाला सटकले, मी अडकलो. कॉल संपला की घर इतकं गप्प की कुकरच्या शिट्टीला "आलो आलो" म्हणायचो. जूनमध्ये एका रात्री छातीत धडधड, हाताला घाम, श्वास पुरेना. झाला करोना, म्हणून बसलो. ऑक्सिमीटर ९८. तरी सारखं बोट त्यात. डॉक्टरांनी व्हिडिओवर सगळं विचारलं नि म्हणाल्या, पॅनिक अटॅक आहे, आधी ते यंत्र कपाटात टाक. पुढे मानसोपचारतज्ज्ञ, गोळ्या. आईला सांगितलं व्हिटॅमिनच्या आहेत. खालच्या काकू रोज डबा लिफ्टमध्ये ठेवून बटण दाबायच्या, डबा एकटाच वर यायचा. गोळ्यांचा गुण किती नि डब्याचा किती, अजून हिशेब लागलेला नाही.

कोथरूडचा पोपट
सोसायटीच्या सेक्रेटरीनं लिफ्टवरून नोटीस नाही काढली?

वाकडचा एकटा
काकूच सेक्रेटरी.

ऐकणारी
पेशानं समुपदेशक, म्हणून थोडं लांबण. "काळजी करू नका" म्हणून कुणाची काळजी थांबत नाही. सासूबाईंना बोटं बघायला एक वेळ ठरवून द्या, सकाळच्या चहाबरोबर. मधेच विचारलं तर "उद्या चहाला बघू". बातम्याही दिवसातून एकदाच. मात्र पायातली ताकद खरंच कमी होऊन जिना चढवेना, तर चहाची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. झोप-भूक उडून दोन आठवडे झाले तर मनाच्या डॉक्टरांकडेही जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. हा २०२२ मध्ये सुरू झाला, करोनात हवा होता.

धायरीकरीण
चहाचं आजच सांगते.

हडपसरची नात
२०२० ला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आजीची वारी चुकली, दोन दिवस जेवली नाही. मग तिनं घरातच वारी काढली. जिना म्हणजे दिवे घाट, स्वयंपाकघर सासवड, हॉल जेजुरी. डोक्यावर तुळशीची कुंडी. मुक्कामाच्या जागी आम्ही तिला पिठलं-भाकरी द्यायची. आजोबा टीव्ही बघत बसलेले, तर म्हणाली, "उठा, इथे रिंगण आहे." करोना तिला कळलाच नाही म्हणायचे सगळे. कळला होता, रात्री सगळ्यांच्या कपाळाला हात लावून बघायची.

पत्र्यामागचा
आजोबा उठले का?

हडपसरची नात
उठले. नंतर घोडा तेच झाले.

बाणेरकर
वाळा कुठे मिळेल?

उकळी
मंडईजवळ काष्ठौषधीवाल्यांकडे. रविवारी जाऊ नका, पार्किंग नाही.