मदत हवी आहे: लंडनमध्ये बॅरिस्टर म्हणून टेनन्सी (चेंबर्समधली कायमची जागा) सुरू होतेय, विमा कुठला आणि किती घेऊ?

नवा झगा
सप्टेंबरअखेर प्युपिलेज (बॅरिस्टरची उमेदवारी) संपतेय, १ ऑक्टोबरपासून लंडनच्या एका चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात) टेनन्सी. कामं मुख्यतः मालमत्ता आणि कराराच्या वादांची. आजवर सुपरव्हायझरच्या पॉलिसीत होतो. आता स्वतःचा प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा (कामातल्या चुकीने अशिलाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) हवा. ब्रोकरकडून कोटेशन मागवू का? ५ लाख पौंड पुरतील? सुरुवातीला फी किरकोळच असणार. भारतात वकिलांना हा विमा सक्तीचा नाही, त्यामुळे अंदाज येत नाहीये.

मध्यमपदलोपी
ब्रोकर नंतर. इंग्लंड-वेल्समध्ये स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या बॅरिस्टरला बार म्युच्युअल या बॅरिस्टरांच्या विमा संस्थेचं सदस्य व्हावंच लागतं, पहिला थर तिथूनच. बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या (बॅरिस्टरांच्या नियामक संस्थेच्या) हँडबुकातले आरसी ७६ ते ७८ हे नियम वाचा. सुपरव्हायझरच्या पॉलिसीत राहायची प्युपिलची सवलत प्युपिलेजपुरतीच, म्हणून टेनन्सीचं पहिलं काम हातात घेण्याआधी सदस्यत्व झालेलं पाहिजे. विमा वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणजे तुमची पहिली पॉलिसी सहा महिन्यांचीच, मार्चमध्ये लगेच नूतनीकरण.

प्रीमियम ठरतो ढोबळ फी आणि ती कुठल्या प्रकारच्या कामातून आली यावर. फौजदारी स्वस्त, मालमत्तेचं महाग. इथे घोळ हमखास होतो: चेंबर्सची कामं बघणाऱ्या क्लार्कच्या नोंदीत सगळंच 'दिवाणी' पडतं आणि मार्चमध्ये टक्केवारी काढताना अंदाजपंचे आकडे भरले जातात. पहिल्या ब्रीफपासून (हाती आलेल्या कामापासून) प्रकार लिहून घ्या.

किती घ्यायचा? किमान ५ लाख, बार म्युच्युअलकडे कमाल २५ लाख पौंड. फीकडे बघून ठरवू नका! १,५०० पौंडांच्या सल्ल्यात मुदतीची तारीख चुकली आणि ४० लाखांचा दावा बाद झाला, तर भरपाईचं गणित त्या ४० लाखांपासून सुरू होतं (हरायची शक्यता जेवढी होती तेवढी वजावट). हातातल्या सगळ्यात मोठ्या वादाची रक्कम बघा. २५ लाखांच्या वर जायचं असेल तर टॉप-अप (वरच्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीचा विमा), आणि तिथे ब्रोकर लागतो.

नवा झगा
आभार. जुनी चूक चार वर्षांनी निघाली तर? आणि मध्येच भारतात परतलो तर?

टेम्सकाठी
ही पॉलिसी 'क्लेम्स मेड' असते. चूक कधी झाली ते गौण. दावा येतो किंवा त्याची कुणकुण कळवली जाते त्या दिवशीची पॉलिसी लागू. म्हणून सॉलिसिटरचं 'तुमच्या सल्ल्याबद्दल अशील नाराज आहे' एवढं ईमेल आलं तरी त्याच आठवड्यात कळवा. 'बघू पुढे' म्हणत नूतनीकरण उलटून गेलं की भांडण विमा कंपनीशीच सुरू होतं. टॉप-अपवाल्याला वेगळं कळवायचं असतं, हे तर बहुतेक जण विसरतात. चूक परस्पर कबूल करू नका, पण गप्पही बसू नका: अशिलाला स्वतंत्र सल्ला घ्यायला सांगावं लागतं. ते पत्र आधी बार म्युच्युअलला दाखवून पाठवा.

चार वर्षं काहीच नाहीत. साधारण मुदत ६ वर्षं, आणि नुकसान उशिरा लक्षात आलं तर निष्काळजीपणाच्या दाव्याला १५ वर्षांपर्यंत वाव. कोर्टात उभं राहून केलेल्या चुकीला पूर्वी दाव्यापासून संरक्षण होतं, ते हाऊस ऑफ लॉर्ड्सने २००० साली काढून टाकलं.

प्रॅक्टिस बंद केल्यावर बार म्युच्युअल रन-ऑफ कव्हर (काम थांबल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा) देते, वेगळा प्रीमियम न घेता. टॉप-अपचं तसं नाही. तो रन-ऑफ वेगळा विकत घ्यावा लागतो. टॉप-अप घेतानाच त्याचा दर लेखी मागून ठेवा.